चिमणीच्या गावात विजेची गाडी

७ मे, चंद्रपूर
धाकट्या भावाला गाडी बदलायची आहे. विजेवरची घेतो म्हणाला, तर शेजारचे काका लगेच म्हणाले, "तुझ्या गाडीतून धूर निघणार नाही हे खरं हाये, पण तो आपल्या चिमणीतून निघतेच ना!" काकांची उभी नोकरी औष्णिक केंद्रात गेली, त्यांचं बोलणं उडवून लावता येत नाही. २,९२० मेगावॅटचं केंद्र आमच्या उशाशी आहे. वारा इकडे फिरला की गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर राख बसते, बोट फिरवलं की करडी रेघ उठते. ज्या गावानं इतकी वर्षं राख खाल्ली, त्यानं हा प्रश्न विचारायलाच हवा.

८ मे
जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं मिळवलं तर १८०च्या घरात. विजेची गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. देशाच्या सरासरीनं एका युनिटमागे ०.७ किलो, तारांतली गळती धरून किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम. फरक पन्नासचा.

पण नुसत्या कोळशाचं युनिट जवळजवळ एक किलोचं पडतं. तो आकडा घातला आणि दोन्ही गाड्या बरोबरीत आल्या. काकांचा मुद्दा हाच होता.

१० मे
काकांना वही दाखवली. त्यांनीच पुढचं समजावलं. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं, तेव्हापासून साऱ्या देशाची वीज एकाच जाळ्यात खेळते. माझ्या भिंतीतल्या प्लगात कोयनेचं पाणी किती, राजस्थानचं ऊन किती आणि इथला कोळसा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून हिशेब सरासरीचाच धरायचा.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आज घेतलेली पेट्रोलची गाडी दहा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल, झिजल्यावर जास्तच. विजेच्या गाडीचा वाटा मात्र जाळ्यात ऊन-वारा वाढेल तसा आपोआप घटत जाईल, गाडी तीच. अर्थात, चार्जिंग कधी करता यालाही महत्त्व आहे. ऊन उतरलं आणि घरोघरी कूलर-एसी सुरू झाले की भार पुन्हा कोळशावरच येतो.

११ मे
बॅटरीचं ओझं राहिलंच होतं. तीस युनिटची बॅटरी बनवताना दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. पन्नास ग्रॅमच्या बचतीनं तो फिटायला चाळीस ते साठ हजार किलोमीटर लागतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, हे बरं. काँगोच्या खाणींत कोबाल्टसाठी लहान मुलं राबतात. अवजड बॅटरीची मोठी गाडी घेऊन ती दारात उभी ठेवणाऱ्यानं हवामानासाठी काही केलं, असं मी मानणार नाही.

१४ मे
धाकटा विम्याच्या कामानं मूल, वरोरा, गडचिरोली करत असतो. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर सहज होतात. त्याच्या बॅटरीचं हे कर्ज दीड ते अडीच वर्षांत फिटेल. रात्री त्याचा फोन आला, "दादा, घेऊ का नको, एकदाचं सांग." घे म्हटलं. लहान बॅटरीची घे, आणि घरी असशील तेव्हा दुपारच्या उन्हात चार्ज कर. माझं फिरणं बेताचं. माझी जुनी गाडीच चालवीन, नवी घेणार नाही.

याच हिशेबानं पाहिलं तर दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या गाड्यांचा नंबर पहिला लागायला हवा: रिक्षा, टॅक्सी, एसटी. एसटीची पहिली विजेवरची शिवाई १ जून २०२२ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. चंद्रपूर–नागपूर मार्गावरच्या सगळ्याच बस विजेवर आणा, असा अर्ज एसटीच्या विभाग नियंत्रकांना लिहायला घेतला आहे. काका सही करणार आहेत.