लिहिलेले रेशीम

रोलां बार्थ यांनी फॅशनविषयीच्या आपल्या १९६७ च्या ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र आणि लिहिलेले वस्त्र असा भेद केला. रेशमाच्या संदर्भात मात्र हा भेद मला पुरेसा वाटत नाही; कारण रेशीम अंगावर येण्यापूर्वीच एक संहिता झालेले असते.

मश्रूचे उदाहरण घ्यावे. गुजरातेतील पाटणची ही परंपरागत वीण. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. रेशमाची झळाळी दर्शनी बाजूस राहते आणि त्वचेला लागते ते सूत. पुरुषाने निव्वळ रेशीम परिधान करू नये, या इस्लामी धर्मनियमाचा मान त्यात राखला जातो. ‘मश्रू’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थच ‘धर्मसंमत’. निषेध आणि हौस या दोहोंचे इतके नेमके अर्थनिर्णयन क्वचितच एखाद्या भाष्यकाराने केले असेल.

आमच्या घरात आजोबांचा मुकटा होता. तो नेसून ते पूजेला बसले की आम्हा नातवंडांना चार हात दूर राहावे लागे. कोशातला जीव उष्णतेने मारून काढलेला तो धागा. रंगाऱ्याचे, विणकराचे हात त्याच्या तसूतसूवरून फिरलेले. तरी एकदा सोवळे ठरल्यावर त्या वस्त्राला आमचा स्पर्श चालत नसे, आणि ज्यांना ओसरीच्या अलीकडे येण्याचीच मुभा नव्हती, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. पावित्र्य धाग्यात नव्हते. ते वाचनाच्या संकेतात होते, आणि तो संकेत जातीने घडवला होता.

म्हणूनच अँडरसनच्या १८३७ च्या राजवस्त्राच्या कथेतील कल्पित कापड मला अधिक खरे वाटते. ठग विणकर उंची रेशीम आणि सोन्याची जर मागून घेतात, स्वतःच्या थैलीत भरतात आणि रिकामा माग चालवतात. जो मूर्ख किंवा आपल्या पदाला अपात्र, त्याला ते वस्त्र दिसणार नाही, एवढा एकच नियम ते विणतात. धागा नसूनही वस्त्र सिद्ध होते, कारण माणसांची प्रतवारी लावण्याचे त्याचे कार्य अबाधित असते.

माझे विद्यार्थी अद्भुतकथा लिहितात तेव्हा चांदण्याचे, धुक्याचे, नागकन्येने टाकलेल्या कातेचे रेशीम कल्पितात. त्यांची प्रतिमासृष्टी मोहक असते, पण त्या राज्यात ते रेशीम कोणी विणले, कोणी नेसायचे नाही आणि नेसल्यास काय होते, हे बहुधा अनुत्तरित राहते. अद्भुताच्या समीक्षेने चमत्कृतीची मोजदाद करण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.