फायबरच्या ट्रेवर दगड

निगडी प्राधिकरण

चि. संदीप,


चाकणची सेकंड शिफ्ट करून तू रात्री उशिरा घरी येतोस, म्हणून फोनऐवजी लिहितोय. आईचा पाय शॉवर ट्रेवर सरकतो म्हणून त्याच्यावरच कोटा चिकटवून घेणार आहेस, असं दादा म्हणाला. तेवढं करू नकोस.

भोसरीच्या एमआयडीसीत माझं आयुष्य फायबरच्या कामात गेलं. ट्रे बनवताना आधी मोल्डला वॅक्स घासतात, म्हणजे माल अडकत नाही. मग जेलकोट, त्यावर काचेची मॅट आणि रेझिन. मोल्डला टेकलेली चकचकीत बाजूच पुढे पायाखाली येते. जिथे काही चिकटू नये म्हणून आम्ही एवढी काळजी घ्यायचो, नेमकं तिथेच तुझा मिस्त्री सिमेंट लावणार! सिमेंटला धरायला बारीक छिद्रं लागतात, जेलकोटला ती नसतात.

पॉलिश पेपरने घासून इपॉक्सीवर बसवलास तर दगड धरेलही. पण ट्रेमध्ये उभं राहून बघ. खाली पोकळी असेल तर तो दबतो. कोटा दबत नाही. त्यात गिझरचं पाणी पडलं की फायबर दगडाच्या दुपटी-तिपटीने फुगतं. ही ओढाताण रोज सांध्यांवर येते. सांधा केसभर फाटला की पाणी आत शिरतं आणि फायबरवरच अडकून राहतं. मग कुबट वास येतो, फरशी पोकळ वाजू लागते. आईच्या पायाखाली डुगडुगणारी फरशी मला निसरड्या ट्रेपेक्षा जास्त भीतीची वाटते. शिवाय 20 मिमीचा दगड ट्रेचा काठ खातो, पाणी बाहेर येतं.

त्यापेक्षा ट्रे काढ. कोबा करून जाळीकडे मीटरला 15 ते 20 मिमी ढाळ दे. वॉटरप्रूफिंग भिंतीवरही फूटभर चढव. पुढे जाण्याआधी जाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेव आणि खालच्या घरात जाऊन छत बघून ये. इथे मिस्त्री घाई करतात, तू ऐकू नकोस. मग कोटा, पण पॉलिश न केलेला. चिकटवायचा मसाला घेताना पिशवीवर आयएस 15477 लिहिलंय का बघ.

हे जमेपर्यंत ट्रेमध्ये रबरी मॅट टाक आणि भिंतीत पक्की दांडी ठोकून घे, याच रविवारी. ड्रिल मशीन माझ्याकडे आहे.

तुझा,
काका