तीन क्रियापदे

ट्रायथलॉन या शब्दाला मराठीत अद्याप घरचे नाव मिळालेले नाही. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, शेवटी धावायचे आणि या तिन्हींमध्ये घड्याळ थांबवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. या क्रमालाही कारण आहे. थकलेल्या माणसाने पाण्यात उतरणे धोक्याचे. रस्त्यावर कोसळलेल्याला निदान उचलता येते. आधुनिक ट्रायथलॉनचा प्रारंभ मानली जाणारी शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे येथे झाली, तेव्हा धावणे आधी होते आणि पोहणे शेवटी. पुढे तो क्रम बदलला. म्हणजे आज नवशिक्याला ज्याची सर्वांत जास्त भीती, तेच सर्वांत आधी समोर येते.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वये ४४ आणि ४७. नवशिक्यांसाठी असते ती स्प्रिंट शर्यत, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, पुरी करायची असे आम्ही ठरवले. कारण विचारणाऱ्यांना आम्ही प्रकृतीचे कारण सांगतो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

आम्ही दोघीही खेड्यात वाढलो. मे महिन्यात आमच्या भावांच्या पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलले जाई आणि आठवडाभरात ती पोरे काठावरून मुटके मारू लागत. आम्ही वर त्यांचे कपडे सांभाळत उभ्या. पाण्याशी जोडलेली आमची क्रियापदे वेगळी होती : भरणे, शेंदणे, आणणे. आणखी एक होते, ते मोठ्या बायका हलक्या आवाजात उच्चारत. अमकीने विहीर जवळ केली. ‘पट्टीचा पोहणारा’ हा शब्दप्रयोग पुल्लिंगी राहिला आणि ‘विहीर जवळ करणे’ याचा कर्ता बहुतेकदा स्त्री राहिली, याकडे भाषा शिकवताना आमचे लक्ष जायला हवे, असे आता वाटते. आमच्यापैकी एकीच्या घरात असे एक नाव आहे. श्राद्धाच्या दिवशीही ते कुणी मोठ्याने घेत नाही.

तेव्हा पोहायला शिकणे हे आमच्यासाठी केवळ हातपाय मारणे नव्हते. जलतरण तलावावर स्त्रियांसाठी राखलेला एक तास असतो. त्यात आम्ही आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभ्या राहिलो. पहिले तीन आठवडे फक्त श्वासात गेले. श्वास पाण्यात सोडायचा असतो, बाहेर फक्त घ्यायचा असतो, हे ऐकायला सोपे आहे. पण भ्यालेला माणूस श्वास कोंडून ठेवतो आणि मग डोके वर काढले की सोडणे व घेणे दोन्ही एकदम करू पाहतो. डोके वर उचलावे तर पाय खाली जातात. म्हणजे बुडू नये म्हणून जे करावेसे वाटते, त्यानेच बुडायला होते. २५ मीटरच्या तलावाच्या ३० लांब्या म्हणजे ७५० मीटर. तिथवर पोहोचायला आम्हांला पाच महिने लागले.

सायकल हे मात्र जुने माहेर. शाळेत जाण्यासाठी मिळालेली ती एकमेव मोकळीक होती. वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याचा चढ चढताना मांड्या भरून आल्या, तरी अनोळखी असे काही वाटले नाही. धावणे पुन्हा परके. बायकांच्या वाट्याला ‘धावपळ’ येते, ‘धाव’ येत नाही. पहाटे रस्त्याने पळताना एका रिक्षावाल्याने विचारले, “काकू, काय झालं वो? सोडू काय कुठं?” त्याच्या स्वरात थट्टा नव्हती, काळजी होती. या वयाची बाई पळते म्हणजे घरी काहीतरी घडले असणार, इतके साधे त्याचे तर्कशास्त्र होते.

सायकलवरून उतरून लगेच धावू लागले की पाय आपले वाटत नाहीत. इतका वेळ वाकलेल्या स्थितीत एका लयीत फिरलेले स्नायू नव्या कामाला लगेच तयार होत नाहीत. म्हणून सायकल आणि धावणे लागोपाठ करण्याचा वेगळा सराव करावा लागतो. आम्ही त्याला आपसांत ‘संधी’ म्हणतो. दोन वर्ण जवळ आले की दोन्ही बदलतात, हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. गुडघ्यांनी ते आता शिकवले.

या खेळाची आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. १९२८च्या ऑलिंपिकनंतर स्त्रियांची ८०० मीटरची धाव बंद झाली, ती १९६० साली परत आली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली आली. जलतरणातली त्यांची १५०० मीटरची शर्यत तर २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत थांबली होती. ट्रायथलॉन सिडनीला २००० साली ऑलिंपिकमध्ये आले, ते मात्र पहिल्या दिवसापासून स्त्री-पुरुषांना समान अंतर घेऊन : १.५, ४० आणि १० किलोमीटर. बायकांना किती झेपेल, हे इथे वेगळे ठरवावे लागले नाही.

जूनच्या तोंडाशी आम्ही राजाराम तलावात उतरलो, अर्थात प्रशिक्षकांची होडी आणि कमरेला बांधलेला तरंगता फुगा यांच्यासह. तलावात भिंत नसते, तळाशी फरशीची रेघ नसते. दर काही हातांनी डोळे वर काढून दिशा पाहावी लागते. शंभरेक मीटरवर खालचे पाणी काळे झाले आणि आमच्यापैकी एक थांबली. कोण, हे सांगायची गरज नाही. ती उताणी झाली. दुसरी तिच्याजवळ थांबली. होडी जवळ आली, पण तिने होडीला हात लावला नाही. बराच वेळ आम्ही दोघी आभाळाकडे पाहत तरंगत होतो. मग तिने ते नाव घेतले, मोठ्याने, पाण्यावरून ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. आणि ती पुन्हा पालथी होऊन पोहू लागली.

शर्यत अजून व्हायची आहे. आमचा क्रमांक शेवटून पहिला येण्याचीच शक्यता अधिक. असो. वेळ किती लागेल, हा प्रश्न आमच्या लेखी दुय्यम आहे. पाण्याबरोबर चालवायला आम्हांला आणखी एक क्रियापद हवे होते. ते आता आमच्या बोलण्यात, प्रथमपुरुषी आणि स्त्रीलिंगी, रुळले आहे.