पूर्ण वकीलपत्र नको, एक अर्ज लिहून द्या

आमच्याकडे येणाऱ्या माणसाला त्या दिवशी बहुधा पूर्ण वकील नकोच असतो. ॲट्रॉसिटीच्या आरोपीचा जामीन अर्ज उद्या लागलेला असतो आणि फिर्यादी बाईला लेखी हरकत घ्यायची असते. कलम 15अ ने तिला सुनावणीची वेळेवर नोटीस मिळण्याचा आणि म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. वकिलाकडे नेलं की उत्तर ठरलेलं: वकीलपत्र द्या, अख्ख्या केसची फी ठरवा. मजुरीवरची बाई तिथूनच परत फिरते.

1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तो अर्ज कराच. पण वकील नेमला जाईपर्यंत उद्याची तारीख थांबत नाही.

वकील मंडळी म्हणतात, वकीलपत्र घातलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय सुटता येत नाही. दिवाणी दाव्यांत नियम तसाच आहे. पण त्याच नियमात फक्त युक्तिवादापुरता वकील नेमायचीही सोय आहे, आणि सिनियर वकील तर वकीलपत्र न घालताच उभे राहतात. शिवाय नुसता मसुदा लिहून द्यायला वकीलपत्र लागतं कुठे?

स्वस्तात उरकलेलं काम आम्ही मागत नाही. मसुद्याची जबाबदारी पूर्णच हवी. काय करणार, काय नाही, फी किती, पुढची तारीख कोण बघणार, हे मराठीत एका कागदावर लिहा, वाचून दाखवा आणि त्याची सहीची प्रत बाईच्या हातात द्या.