एका खणाचा हिशेब : रूटमास्टर बसच्या प्रतिकृतीचे रूपांतर

प्लास्टिकच्या किटमधून घडवलेल्या प्रतिकृतीचे रूपांतर म्हणजे, उत्पादकाने ज्या वाहनासाठी साचे बनवले त्याच कुळातले, पण वेगळ्या घडणीचे वाहन त्या सुट्या भागांतून उभे करणे होय. किट सूचनापत्रकाबरहुकूम जोडणाऱ्याला मूळ वाहन समजून घ्यावेच लागते असे नाही, कारण त्याच्या वतीने तो विचार साचे बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. परंतु त्याच किटला करवत लावायची ठरली, की कोणता भाग कशाला जोडलेला आहे, भार कोठून कोठे जातो आणि कोणती रेषा केवळ शोभेची व कोणती बांधणीची, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला शोधावे लागते. लंडनच्या रूटमास्टर या डबलडेकर बसच्या बाबतीत हा शोध विशेष फलदायी ठरतो, कारण ही बस मुळातच सुटी करण्यासाठी, अदलाबदल करण्यासाठी आणि वेळ आली तर लांबवण्यासाठी रचलेली होती. आखूड रूटमास्टरच्या किटपासून लांब रूटमास्टर घडवताना प्रस्तुत लेखकाला जे उमगले, त्याची मांडणी येथे केली आहे.

रूटमास्टरचा पहिला नमुना, म्हणजे आरएम १, १९५४ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील व्यापारी वाहनांच्या प्रदर्शनात लोकांसमोर आला आणि ८ फेब्रुवारी १९५६ रोजी प्रवाशांना घेऊन रस्त्यावर धावला. लंडन ट्रान्सपोर्ट या सार्वजनिक संस्थेने एईसी हा यांत्रिक भागांचा कारखाना आणि पार्क रॉयल हा बॉडी बांधणारा कारखाना यांच्या साथीने ही बस विकसित केली. अभियांत्रिकीची धुरा ए. ए. एम. ड्युरंट यांच्याकडे होती आणि बाह्यरूप व अंतर्गत सजावट डग्लस स्कॉट यांनी घडवली. १९५४ ते १९६८ या काळात नमुने धरून एकूण २,८७६ रूटमास्टर तयार झाल्या आणि लंडनच्या नियमित सेवेतून त्या ९ डिसेंबर २००५ रोजी, १५९ क्रमांकाच्या मार्गावरून, निवृत्त झाल्या. मुंबईच्या वाचकाला या तारखेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही; १९३७ पासून शहराच्या अंगवळणी पडलेली बेस्टची डिझेलवर चालणारी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, तेव्हा वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडकीशी बसून शहर पाहिलेल्या अनेकांना आपल्या आयुष्याचा एक भाग संपल्यासारखे वाटले. लेखकाच्या मनात दुमजली बसविषयीचे प्रेम याच मुंबईत रुजले. मात्र लंडनची बस आणि मुंबईची बस या बांधणीच्या दृष्टीने भिन्न जातीच्या होत्या, हे रूपांतराच्या कामामुळेच स्पष्ट झाले.

मुंबईत दीर्घकाळ धावलेल्या अशोक लेलँड टायटन या बसला स्वतंत्र चासी होती. चासी म्हणजे इंजिन, चाके आणि स्टिअरिंग यांना एकत्र धरणारा पोलादी सांगाडा, ज्यावर बॉडी नंतर चढवली जाते. रूटमास्टरला अशी सलग चासी नव्हती. तिची अॅल्युमिनियमची बॉडीच भार वाहणारी होती. पुढच्या बाजूला इंजिन, पुढची चाके व स्टिअरिंग सांभाळणारा ‘ए’ सांगाडा आणि मागच्या बाजूला मागचा आस व स्प्रिंगा सांभाळणारा ‘बी’ सांगाडा, असे दोन तुटक सांगाडे या बॉडीला खालून जोडले जात. दोन सांगाड्यांच्या मधला भाग केवळ बॉडीच्या बळावर उभा असल्यामुळे, बस लांब करायची तर दोन्ही टोकांना हात न लावता मध्ये एक तुकडा घालणे पुरेसे होते.

हीच शक्यता लंडन ट्रान्सपोर्टने वापरली. ब्रिटनमध्ये दोन आसांच्या डबलडेकरला ३० फूट लांबीची मुभा १९५६ साली मिळाली होती, तर मूळ रूटमास्टर २७ फूट ६ इंच लांब होती. शिवाय रूटमास्टरला ज्यांची जागा घ्यायची होती त्या ट्रॉलीबसमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणाऱ्या बसमध्ये, ७० आसने असत आणि रूटमास्टरमध्ये ६४. म्हणून १९६१ साली ८८० ते ९०३ या क्रमांकांच्या २४ बस मध्यभागी २ फूट ४ इंचांचा एक जादा खण घालून बांधण्यात आल्या आणि आसने ७२ झाली. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. वाडा किती खणांचा आहे यावरून जसा त्याचा आवाका समजतो, तसा बसचा आकार खिडक्यांच्या खणांवरून ओळखता येतो. पुढे १९६५ पासून २२६१ ते २७६० या क्रमांकांच्या आणखी ५०० बस याच लांबीच्या निघाल्या आणि ‘आरएमएल’ ही अक्षरे या लांब जातीची खूण ठरली. दोन्ही मजल्यांवर मध्यभागी, एकावर एक असलेल्या अरुंद खिडक्या दिसल्या, की ती आरएमएल आहे हे दुरूनही कळते.

रूपांतरासाठी निवडलेले किट रेव्हेल या कंपनीचे, १:२४ प्रमाणातले आहे, म्हणजे प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर मूळ बसच्या चोवीस मिलिमीटरांएवढा असतो. या प्रमाणात २ फूट ४ इंचांचा खण सुमारे २९.६ मिलिमीटर भरतो, आणि पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर मूळ बसमध्ये १६ फूट १० इंचांवरून १९ फूट २ इंच झाले असल्यामुळे प्रतिकृतीत ते साधारण २१४ मिलिमीटरांवरून २४३ मिलिमीटरांवर न्यावे लागते. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. परंतु या तीस मिलिमीटरांपेक्षाही किंचित कमी रुंदीच्या पट्टीत दोन्ही बाजूंच्या भिंती, दोन मजल्यांच्या जमिनी, वरचे छत, चार खिडक्या, आसनांच्या दोन रांगा आणि खालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, हे सारे एकाच रेषेत यावे लागते.

हा खण कोठून आणायचा, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून, म्हणजे किटसाठीच वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ तावातून, तो नव्याने कापता येतो, किंवा त्याच बसचे दुसरे किट घेऊन त्यातला तुकडा वापरता येतो. लेखकाने दुसरा मार्ग स्वीकारला, आणि त्याचे कारण खिडकीच्या कोपऱ्यांत आहे. रूटमास्टरच्या खिडक्यांचे कोपरे गोलसर आहेत आणि डग्लस स्कॉट यांनी या बसला जे सौम्य रूप दिले त्यात या वळणांचा वाटा मोठा आहे; पत्र्यातून चार सारखे गोल कोपरे कानसून काढणे शक्य असले, तरी शेजारच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ते तंतोतंत जुळले नाहीत तर नजर सर्वप्रथम तेथेच अडखळते. म्हणून दुसऱ्या किटमधल्या एका पूर्ण खिडकीचे डावे आणि उजवे टोक, कोपऱ्यांसह, वेगळे काढून मधला भाग टाकून दिला आणि ती दोन टोके एकमेकांना भिडवून अरुंद खिडकी सिद्ध केली. जोड खिडकीच्या वरच्या आणि खालच्या सरळ काठावर येतो, जेथे तो घासून नाहीसा करता येतो. वळणांना मात्र हातही लागत नाही.

मूळ भिंत कोठे कापायची याचे उत्तर खऱ्या बसनेच दिले. रूटमास्टरच्या अंगावरचे अॅल्युमिनियमचे पत्रे जेथे एकमेकांना भेटतात तेथे खांबावर एक बारीक उंचवट्याची पट्टी असते, आणि किटच्या साच्यात ती पट्टी उमटलेली आहे. करवत या पट्टीच्या काठाने चालवली, तर नव्या जोडाची रेषा खऱ्या पत्र्याच्या जोडावर येते आणि ती पूर्णपणे पुसण्याची गरजच उरत नाही. प्रथम स्टीलची पट्टी धरून कटरच्या पात्याने खाच पाडली, मग बारीक दातांच्या पातळ करवतीने, घर्षणाने प्लास्टिक वितळू नये एवढ्या सावकाश गतीने, ती खाच आरपार नेली, आणि कापलेली कड गुण्याने तपासत पॉलिश पेपरवर घासून काटकोनात आणली. करवतीच्या पात्याची जाडी प्रत्येक छेदात थोडे प्लास्टिक खाते, ते जमेस धरूनच खुणा रेषेच्या बाहेरच्या अंगाला केल्या होत्या.

पॉलिस्टायरीन जोडणारे द्रव खरे तर चिकटवत नाही. ते दोन्ही कडांचा पृष्ठभाग विरघळवते आणि द्रव उडून गेल्यावर दोन कडा एकजीव होऊन घट्ट होतात. हा जोड मजबूत असला तरी इतक्या लांब भिंतीला मध्यावर तीन तुकड्यांत जोडल्यावर ती वाकण्याचा धोका राहतोच, म्हणून जोडणी काचेच्या सपाट तावावर केली आणि आतून, दोन मजल्यांच्या मधल्या पट्ट्यामागे, पॉलिस्टायरीनची एक लांब पट्टी जोडांच्या पलीकडेपर्यंत नेऊन बसवली. खऱ्या बसमध्ये याच उंचीवर वरच्या मजल्याची जमीन दोन्ही भिंतींना बांधून धरते. प्रतिकृतीला बळ हवे होते तेही नेमके तेथेच, आणि हा योगायोग नव्हे, कारण लांब दुमजली पेटीचे बळ ती रस्त्यावर धावणारी असो वा टेबलावर उभी, मजल्यांच्या जमिनींतूनही येते.

आतल्या भागात शिरल्यावर आकडे बोलू लागतात. आखूड रूटमास्टरमध्ये वर ३६ आणि खाली २८ आसने होती, लांब रूटमास्टरमध्ये वर ४० आणि खाली ३२. म्हणजे प्रत्येक मजल्यावर मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोघांचे एकेक बाक, एवढीच भर पडली. एवढीशी भर घालण्यासाठी एक संपूर्ण खण लागतो, यावरून त्या काळच्या अभियंत्यांनी एकेका इंचाचा किती विचार केला असेल याची कल्पना येते. दुसऱ्या किटमधले बाक या रांगांसाठी वापरले, जमिनीच्या लाकडी पट्ट्यांच्या रेषा नव्या तुकड्यावर आखून पुढे नेल्या, आणि कंडक्टर ज्या दोरीने घंटी वाजवत असे ती खालच्या मजल्याच्या छतालगतची दोरी बारीक ताणलेल्या प्लास्टिकच्या तंतूने नव्या खणातूनही सलग नेली.

आतील रंगसंगती हा डग्लस स्कॉट यांच्या कामाचा सर्वांत हळुवार भाग आहे. भिंतींच्या खालच्या अंगाला बरगंडी, खिडक्यांभोवती चायनीज ग्रीन आणि छताला सुंग यलो या नावाने ओळखला जाणारा पिवळा, अशी ती योजना होती; भिंतींचा गडद रंग मळ सोसतो, मधला हिरवा डोळ्यांना विसावा देतो आणि छताचा पिवळा लंडनच्या हिवाळी संध्याकाळीही दिव्यांच्या उजेडात ऊब आणतो. सामान्य प्रवाशाच्या रोजच्या प्रवासासाठी इतक्या आस्थेने रंग निवडले गेले, ही गोष्ट ते रंग स्वतःच्या हाताने भरताना जितकी मनाला भिडते तितकी छायाचित्रे पाहून भिडत नाही. किटचे प्लास्टिक लाल असल्यामुळे या फिकट रंगांखाली आधी करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, थर द्यावा लागतो. तोच थर बाहेरून दिल्यावर जोडांतल्या बारीक फटीही उघड करतो आणि पुट्टी कोठे भरायची ते दाखवतो. अरुंद खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे बसवताना सायनोअॅक्रिलेट हा झटपट चिकटणारा गोंद टाळला, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते. त्याऐवजी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरला.

शेवटचा प्रश्न पुराव्याचा होता. विशिष्ट क्रमांकाची बस दाखवायची तर त्या क्रमांकाचे छायाचित्र पाहून तपशील ठरवावेत, हे वरवर पाहता रास्त वाटते. परंतु रूटमास्टरच्या बाबतीत ते पुरेसे नाही. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमधल्या अल्डनहॅम येथील कारखान्यात १९८६ पर्यंत या बसची मोठी दुरुस्ती होत असे. तेथे बॉडी सांगाड्यांपासून उचलून वेगळी केली जाई, प्रत्येक भाग आपापल्या वाटेने दुरुस्त होई, आणि आत आलेल्या बसचा क्रमांक व नंबरप्लेट आधीच तयार असलेल्या दुसऱ्या बॉडीला लावून ती लगेच रस्त्यावर पाठवली जाई. परिणामी एकाच क्रमांकाखाली निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या बॉडी दिसतात. सुरुवातीच्या आखूड बसच्या वरच्या मजल्यावरील पुढच्या खिडक्या उघडत नसत आणि नंतरच्या बसच्या उघडत, हा फरकही अशा अदलाबदलीनंतर नंतरच्या क्रमांकांवर आढळतो. त्यामुळे प्रतिकृतीकाराला क्रमांकाबरोबर काळही ठरवावा लागतो. प्रस्तुत प्रतिकृतीसाठी साठच्या दशकाचा उत्तरार्ध निवडला आणि भिंतीवरची सोनेरी अक्षरे, दोन मजल्यांमधला फिकट पट्टा व जाहिरातींच्या जागा त्याच काळाच्या छायाचित्रांवरून निश्चित केल्या.

अल्डनहॅमची ही पद्धत लक्षात घेतली, म्हणजे प्लास्टिकच्या किटला करवत लावणे ही मूळ वस्तूशी केलेली प्रतारणा आहे, हा संग्राहकांमध्ये आढळणारा आक्षेप रूटमास्टरपुरता तरी टिकत नाही. ज्या बसचे भाग प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत एकमेकांपासून वेगळे होत आणि जिची पाचशेहून अधिक लांब भावंडे मध्ये एक खण घालूनच जन्माला आली, तिचे अखंड आणि अचल असे एकच खरे रूप मानता येत नाही. तिचे खरेपण आहे ते तिच्या जोडांत, मापांत आणि बदल सामावून घेण्याच्या योजनेत. शहराच्या गरजा बदलतील हे गृहीत धरून, भावी अभियंत्याला हात घालायला जागा ठेवून, तरीही प्रवाशाच्या डोळ्यांना सुखावेल अशा बारकाईने सार्वजनिक वाहन घडवणे, ही विसाव्या शतकातल्या नगरसेवेने दिलेली मोठी शिकवण आहे. आज आपल्या शहरांतही नव्या विजेवरच्या बस येत असताना ती शिकवण कालबाह्य झालेली नाही, आणि ती आत्मसात करण्याचा एक प्रामाणिक मार्ग म्हणजे अशी बस स्वतःच्या हाताने, माप घेऊन, पुन्हा एकदा लांब करून पाहणे.