इंदूरची बस आणि काकूंची टोपली

इंदूरला निघालेला मराठी माणूस तीन गोष्टी घरूनच ठरवून निघतो. राजवाडा पाहायचा, सकाळी पोहे-जिलबी खायची, आणि रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की सराफ्यात मांडल्या जाणाऱ्या खाऊच्या दुकानांपुढे उभे राहून पोटाची परीक्षा पाहायची. होळकरांची ही नगरी आपल्याला परकी वाटतच नाही. पाट्या हिंदी असल्या, तरी जुन्या वाड्यांतून मराठी हाक हटकून कानी येते. पण अलीकडे या यादीत चौथे एक ठिकाण जमा झाले आहे, आणि ते आहे कचऱ्याचे! वाचकहो, नाक मुरडू नका. थोडे माझ्याबरोबर चला.

शहराच्या कडेला नेमावर रस्त्यावर देवगुराडिया लागते. टेकडीवर जुने शिवमंदिर आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केल्याचे सांगतात. या देवस्थानाच्या परिसरातच कित्येक वर्षे साऱ्या इंदूरचा कचरा येऊन पडत होता. त्याचे अक्षरशः डोंगर झाले होते. ते उपसून, चाळून साफ करण्यात आले आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा पचवायचा, त्यातून १७,००० किलो वायू आणि १०० टन खत काढायचे, असे त्याचे माप. यातला निम्मा वायू शहराच्या बसगाड्यांसाठी, आणि तोही बाजारभावापेक्षा किलोमागे पाच रुपये स्वस्त, असा करार झाला.

कारखान्याचे काम समजायला विज्ञानाची पदवी नको. एका खोल हौदात कचरा ओततात. लोखंडी पंजा तो उचलून यंत्रात टाकतो. तेथे त्याचा लगदा होतो आणि तो प्रचंड बंद टाक्यांत जातो. इडलीचे पीठ रात्रभर आंबते, तसा हा लगदा आंबतो. फरक इतकाच की येथे हवेचा शिरकाव होऊ द्यायचा नाही आणि आंबायला तीन-चार आठवडे लागतात. सूक्ष्म जंतू आपले काम करतात व टाकीच्या माथ्याशी वायू जमतो.

हा वायू चुलीला तसाच चालतो. खेड्यातल्या गोबरगॅसचा तो सख्खा भाऊच. इंजिनाची जात मात्र सोवळी! कच्च्या वायूत जळणारा मिथेन निम्म्याहून थोडा अधिक; उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, नुसती जागा अडवतो. शिवाय कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो धातू खातो. हे दोन्ही काढून टाकले की बहुतांशी मिथेन उरतो. तो हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून अधिक दाबून नळकांड्यांत भरला, की सीएनजीवर चालणाऱ्या बसला भूगर्भातला वायू कोणता आणि भाजीच्या देठांचा कोणता, हे कळतसुद्धा नाही. इंजिनात फेरफार करायला नको.

ही विद्या आपल्याला नवी नाही. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू धरण्याची सोय झाली होती, आणि त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. १९५१ साली जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाचे गोबरगॅसयंत्र तयार केले; पुढे खादी आयोगाने ते खेडोपाडी नेले. तिकडे स्वीडनमध्ये लिनशपिंग शहराच्या बसगाड्या या वायूवर धावू लागल्या, आणि २००५ साली तेथे चक्क आगगाडीही त्यावर चालली.

मग इंदूरचे विशेष ते काय? ते मला कारखान्यात नव्हे, तर नात्यातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात दिसले. त्यांचा नातू दुधाची पिशवी कापून तिचा इवलासा कोपरा भाजीच्या सालांत टाकत होता.

"बेटा, तो सुक्यात टाक हो. गिल्यात नको," काकू म्हणाल्या.

"एवढासा तर आहे, आजी!"

"प्रत्येक घरात एवढासाच असतो रे!"

साऱ्या गोष्टीचे मर्म मला तेथे सापडले. दारोदार फिरणाऱ्या गाडीला निरनिराळ्या कचऱ्यासाठी सहा कप्पे असतात. पण निवड होते ती घरात. ओल्यात प्लास्टिक आणि काचा मिसळल्या तर यंत्र अडते आणि खतही बिघडते. २०१७पासून स्वच्छतेत सलग सात वेळा पहिला क्रमांक पटकावणाऱ्या या शहराची खरी कमाई ही सवयच आहे.

मी सहज हिशेब केला. कारखान्याच्या मापाने टनाला सुमारे ३१ किलो वायू पडतो. एका घरचा रोजचा अर्धा किलो ओला कचरा धरला, तर वायू होतो १५ ग्रॅम. बस किलोमागे तीन किलोमीटर धावते असे मानले, तर तेवढ्यावर ती जेमतेम ४५ मीटर जाईल! हसू येईल, पण हजार घरे मिळून तीच बस ४५ किलोमीटर नेतात. शहरातल्या साऱ्या मोटारी यावर चालतील असे मुळीच नाही. पण फेकून द्यायच्या वस्तूतून बस धावते, हे काय थोडे झाले?

आणि हा वायू धरला नाही, तर तो जातो कुठे? उघड्या ढिगातही तो तयार होतच असतो. जानेवारी २०१६मध्ये मुंबईचे देवनार कचराकुंड पेटले, तेव्हा धुराने आसपासच्या मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगींना खतपाणी घालतो तो हाच मिथेन. पेटला नाही, तरी वर जाऊन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता तो अडवून धरतो. म्हणजे एकाच वायूच्या दोन वाटा: एक देवनारची, दुसरी देवगुराडियाची.

दिवाळीत घरोघर साफसफाई होते. माळ्यावरची अडगळ निघते, फराळाच्या भांड्यांबरोबर सालांचा आणि खरकट्याचा ढीगही वाढतो. आपल्या गावाला असा कारखाना आज नसेल. पैसा उभा राहिला की यंत्रे विकत आणता येतील. पण दुधाच्या पिशवीचा कोपरा निराळा काढणारा हात कोणत्याही बाजारात मिळत नाही. तो आपल्याच घरात तयार करावा लागतो, आणि त्यासाठी कारखाना येण्याची वाट पाहायला नको.