खेळातला किल्ला आणि आपला किल्ला

नोकरीनिमित्त मी हैदराबादला असतो. घरची मुलं मोबाइलवर कुठल्याशा काल्पनिक राज्याच्या सीमेवरचा किल्ला लढवत असतात. मी त्यांना सांगतो, तसा खरा किल्ला आपल्या जनवाड्याजवळ बिदरला आहे. खडक फोडून केलेला तिहेरी खंदक कुठल्या खेळात सापडेल?

पण बिदर मुळात सीमेवरचं नव्हतं. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी अहमदशहाने गुलबर्ग्याहून इथे आणली. सीमा आली ती १ नोव्हेंबर १९५६ला. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं.

आत्या उदगीरला, आम्ही जनवाड्याचे. लग्नकार्यं दोन्हीकडे चालूच राहिली. अडलं ते अक्षरांपाशी. मुलं मराठी छान बोलतात, पण आत्याने पाठवलेली मराठी पत्रिका आम्हालाच वाचून दाखवावी लागते.

बिदरी कारागीर किल्ल्यातली माती वापरून भांडं काळं करतात, तेव्हा त्यावरची चांदी उठून दिसते. सुट्टीत मुलांना बिदर दाखवा, उदगीरचा किल्लाही दाखवा. आणि रोज एक पान मराठी वाचून घ्या.